कापडाला साडेचार तारे, मजकुराला दीड

सिंहगड रस्त्यावरून आत वळलं की दोन-तीन गल्ल्या सोडून मराठी मजकुराच्या टी-शर्टचं एक दुकान आहे. नाव देत नाही. पोरगा होतकरू आहे, काम नेटकं करतो, आणि खाली जे लिहिणार आहे ते एकट्या त्याच्या दुकानाला लागू नाही. अशी दुकानं आता कुठंही सापडतात. बोर्डावर पिळदार मिशा आणि मिशांखाली 'अस्सल रांगडं' असं लिहिलंय, त्यावरून ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

आम्हाला सोसायटीच्या महिला बॉक्स क्रिकेट संघासाठी टी-शर्ट हवे होते. चौदा नग, मागं नाव आणि नंबर, पुढं एक ओळ. ऑनलाइन मागवले तर मराठी अक्षरांची वाट लागते असं शेजारच्या सोसायटीनं सांगितलं होतं, म्हणून समोर बसून करून घ्यायचं ठरलं.

आधी कापडाबद्दल, कारण तिथं याला मानलं. मी इचलकरंजीची. मागाच्या खडखडाटात वाढलेलं माणूस कापड नुसतं बघून घेत नाही, चिमटीत धरून घेतं. टी-शर्टचं होजिअरी कापड तिरुपूरहून येतं, आमच्या मागांवरचं नव्हे, पण चिमटीला त्यानं फरक पडत नाही. यानं '180 जीएसएम, बायोवॉश' सांगितलं, म्हणजे चौरस मीटरला 180 ग्रॅम वजनाचं आणि एन्झाइमनं धुऊन मऊ केलेलं कापड, आणि हाताला तसंच लागलं. उजेडासमोर धरलं तर पलीकडची बोटं दिसली नाहीत. गळ्याची पट्टी ओढून सोडली की जागेवर येते, म्हणजे त्यात लायक्रा आहे. एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत आतून टेप शिवलेली आहे. स्वस्तातल्या मालात पहिली काटकसर या टेपवर करतात आणि चार धुण्यांत खांदे लोंबायला लागतात.

जर्सी म्हटलं की बरेच दुकानदार पॉलिएस्टर गळ्यात मारतात. सब्लिमेशनची छपाई पॉलिएस्टरवरच नीट बसते आणि त्यांचं काम पटकन उरकतं. यानं दोन्ही नमुने समोर टाकले. "पॉलिएस्टर लवकर वाळतं ताई, पण वास धरतं. कॉटन घ्यायचं असेल तर डीटीएफ करू." आमच्या निम्म्या संघाला घामोळ्यांचा त्रास, त्यामुळं कॉटनच घेतलं. डीटीएफ म्हणजे मजकूर आधी एका फिल्मवर छापायचा, मागून गोंदाची पूड टाकून ती तापवायची आणि मग गरम प्रेसखाली दाबून कापडावर चिकटवायची. पूर्वी स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगाची वेगळी चौकट लागायची, त्यामुळं दोन-चार नगांसाठी कुणी हात लावायचं नाही. आता एक नगसुद्धा निघतो. मराठी टी-शर्टचं एवढं पीक आलंय त्याचं निम्मं कारण हे. सकाळी कुणाला काही सुचलं की संध्याकाळी ते कुणाच्या तरी छातीवर असतं.

अक्षरजुळणीत मात्र याचा हात धरणारा मी पाहिला नाही. मोबाइलवर टाइप केलेला मजकूर डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. हा स्वतः टाइप करतो, साध्या कागदावर काढून दाखवतो आणि ग्राहकाला बोट ठेवून वाचायला लावतो. शिरोरेषा मुद्दाम जाड घेतो, कारण बारीक रेघ धुण्यात पहिली उचकटते. इथपर्यंत पैकीच्या पैकी गुण देऊन मी मोकळी झाले असते.

मग मजकूर काय टाकायचा ते मी सांगितलं.

संघाच्या ग्रुपवर त्यासाठी रीतसर मतदान झालं होतं. 'आम्ही रणरागिणी' आणि 'नारीशक्ती' यांना एकेक मत, तेही सुचवणारीचंच. बाकी सगळी मतं 'च्यायला, नो बॉल होता!' या ओळीला. ही ओळ बी विंगमधल्या काकूंची. काकू साठी ओलांडलेल्या, यष्टिरक्षक, एका गुडघ्याला पट्टा. बाद झाल्या की बॅट खांद्यावर टाकून हेच म्हणत जाळीबाहेर येतात, चेंडू कसाही पडलेला असो.

पोरानं कागद वाचला. परत वाचला.

"ताई, हे जेंट्स टीमसाठी ना?"

"नाही. लेडीज."

"मग 'च्यायला' नको. बायकांच्या अंगावर बरं नाही दिसत. 'आईशप्पथ' करू का? मीटरमध्ये पण बसतंय."

त्याच्या पाठीमागं शोकेसमध्ये पुतळ्याला घातलेला काळा टी-शर्ट होता. वाघाचा उघडा जबडा, आणि त्याखाली लाल अक्षरांत 'बांगड्या भरल्यात का?'

मी त्याला बोट करून दाखवलं. "आणि हे कसं दिसतं?"

"ते तर चालतंय ताई. त्यात शिवी कुठाय?"

खरंच त्यात शिवी नाही. व्याकरणानं बघाल तर साधा प्रश्न आहे, कासारानंही विचारावा असा. माझी आई लग्नाआधीपासून कांड्या भरायची, म्हणजे मागासाठी कांड्यांवर सूत गुंडाळायची. कांडी मशीनवर बसताना ती दोन्ही हातांतल्या काचेच्या बांगड्या वर सरकवायची आणि त्यांच्यावर सायकलच्या ट्यूबची कापलेली रिंग चढवायची, म्हणजे त्या घसरून फिरत्या कांडीत अडकायच्या नाहीत. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या हातावर त्या काळ्या रिंगचा वळ असायचा. कामाची पाळी संपली की रिंग निघायची, बांगड्या खळकन खाली यायच्या आणि पुढं घरचा स्वयंपाक सुरू. त्याच गल्लीत दोन पुरुष भांडायला लागले की पहिला बार 'बांगड्या भर, बांगड्या!' हाच. ओट्यावर बसून ऐकणाऱ्या बायकांपैकी कुणाला त्यात वावगं वाटलेलं मला आठवत नाही. मलाही वाटायचं नाही.

पुरुषांनाच बोल लावण्यात अर्थ नाही. नळाला पाणी येत नाही म्हणून बायकांचा मोर्चा निघतो, तेव्हा साहेबांच्या टेबलावर हळदीकुंकवासकट बांगड्यांचा आहेर ठेवतात. फोटो पेपरात येतो. आहेर देणाऱ्या बाईच्या हातात डझनभर बांगड्या, त्याच हातानं तिनं कडेवरचं पोर सावरलेलं, आणि ती साहेबाला सांगत असते की तू माझ्यासारखा आहेस, लाज वाटू दे. इतकी वर्षं हे फोटो छापले जातात आणि खालच्या ओळीत त्याला 'अनोखं आंदोलन' म्हणतात.

आमच्या इचलकरंजीपासून जवळच, शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. म्हणजे बाईच्या बांगड्या काढून घेतल्या तर तो तिचा अपमान, आणि पुरुषाला घालायला सांगितल्या तर तो त्याचा. एवढीशी काच, पण दोन्हीकडून मारायला उपयोगी पडते. हे सगळं मी त्या पोराला सांगितलं नाही. दुकानात गर्दी होती आणि पावतीपुस्तक पुढ्यात उघडून तो खोळंबला होता. एवढंच म्हटलं, "कोण घेतं रे हा?"

"जिमवाली पोरं. आणि राखीला बहिणी घेतात, भावासाठी."

पुढं मी रॅक बघत बसले. दुकानाची खरी ओळख तिथं होते.

कोल्हापुरी कप्पा झकास आहे. 'नाद करा पण आमचा कुठं', 'जाळ अन् धूर संगटच', 'काटा किर्रर्र', 'विषय हार्ड'. हे शब्द तोंडात घेतले की तब्येत खूश होते. जोर आहे, माज आहे, आवाज आहे, आणि हे सगळं उभं करायला कुणाची आई, बहीण, बायको, बांगडी काही लागलेलं नाही. ज्यांना वाटतं की रांगडेपणा हवा तर बाईला मध्ये ओढावंच लागतं, त्यांनी हा एक कप्पा बघावा. मालकाच्याच सांगण्यानुसार खप इथलाच सगळ्यात जास्त.

त्याच्या खालच्या कप्प्यात 'आयटम', 'छावी', 'वहिनी हाय तुझी, लांब ऱ्हा' अशी मंडळी. 'वहिनी'वाला मी हातात घेऊन बराच वेळ बघितला. कॉलेजात एखाद्या पोरानं 'ती माझी' असं मित्रांना सांगून टाकलं की त्या दिवसापासून ती सगळ्यांची वहिनी. तिला कुणी विचारलेलं नसतं, बऱ्याचदा तिला पत्ताही नसतो. आता तो सातबारा छातीवर छापून मिळतो. एकात एक गुंतलेली नाती मराठीत एवढी असताना नेमकी हीच उचलावी, याचं मला नवल वाटतं.

'माल' हा शब्द तर माझ्या घरचा. 'माल निघाला का', 'माल तपासला का', 'माल उचलायला टेम्पो कधी येतोय' हे ऐकत मी लहानाची मोठी झाले. माल म्हणजे ग्रे, न रंगवलेल्या कापडाचे तागे. एसटी स्टँडवर पहिल्यांदा मागून तो शब्द आला तेव्हा मी खरोखर वळून टेम्पो कुठं दिसतो का बघितलं होतं. मैत्रिणी पोट धरून हसल्या आणि मग एकीनं मला समजावलं.

'आयटम'बद्दल पोराचं म्हणणं होतं की आता हे पोरींनाही आवडतं, कौतुकच आहे. मुंबईच्या एका न्यायालयाला ते कौतुक वाटलेलं नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये दिंडोशीच्या विशेष पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे खटले चालवणाऱ्या) न्यायालयानं एका 25 वर्षांच्या तरुणाला दीड वर्षाची शिक्षा दिली. 2015 मध्ये त्यानं शाळेतून घरी निघालेल्या 16 वर्षांच्या मुलीचे केस ओढून 'क्या आयटम, किधर जा रही हो' असं विचारलं होतं. 'आयटम' म्हणणं म्हणजे मुलीला वस्तू ठरवणं आणि त्यामागचा हेतू लैंगिकच, असं न्यायालयानं नोंदवलं. पुढच्या वर्षी, ऑगस्ट 2023 मध्ये, धनंजय चंद्रचूड सरन्यायाधीश असताना सर्वोच्च न्यायालयानं एक पुस्तिकाच काढली. निकालपत्रात आणि अर्जांत बाईबद्दल कुठले शब्द वापरू नयेत आणि त्यांच्याऐवजी काय लिहावं, याची त्यात यादी आहे. 'ईव्ह टीझिंग' लिहू नका, 'रस्त्यावरचा लैंगिक छळ' म्हणा, असं त्यात आहे. न्यायमूर्तींना हे सांगावं लागत असेल तर जिममधल्या पोरानं शिकायला वेळ घेतला, त्यात नवल नाही. टी-शर्टवर छापलेल्या 'आयटम'ला कुणी तुरुंगात टाकणार नाही, टाकूही नये. कुणा एका मुलीला उद्देशून म्हटलेला शब्द आणि रॅकवर लटकलेला शब्द यांत अंतर आहे. पण रॅकवरचाच शब्द अंगात घालून पोरगं स्टँडवर उभं राहतं.

नवरा-बायकोच्या विनोदांचा कप्पा मी पटकन उरकला. 'बायकोच्या परवानगीने हसत आहे' आणि तत्सम. त्यात दुखण्यासारखं काही उरलेलं नाही, हसण्यासारखंही नाही. बायकांच्या विभागात गुलाबी आणि मोरपंखी रंग, 'मी भांडत नाही, समजावून सांगते' वगैरे. दर तोच, पण कापड एक पायरी पातळ, आणि याचं कारण मी विचारलं तर "लेडीजना सॉफ्ट लागतं" असं उत्तर. त्याचा अर्धा तारा मी कापडातून कापलाय.

लहान मुलांच्या कपड्यांत सहा महिन्यांच्या बाळाचा एक अंगरखा होता: 'मामा, पोरगी जपून ठेव!' माझ्यासमोर एका आजींनी हसत हसत बारशासाठी घेतला. मामाची मुलगी करून घ्यायची आमच्या भागात चाल होती, अजूनही घरोघरी चेष्टा चालते, त्यामुळं आजींचं हसू मला कळलं. पण मामाची जी पोरगी जपून ठेवायची, ती बहुधा अजून जन्मायचीय.

आणि मग तो टी-शर्ट, ज्याच्यावरून आमची खरी चर्चा झाली. फिकट राखाडी, बारीक अक्षरांत फक्त 'रांडंच्या...' आणि तीन टिंबं. मी इचलकरंजीची आहे कळल्यावर पोरगा खुललाच. "तुमच्याकडं तर हे प्रेमानं म्हणतात ना ताई?"

म्हणतात. माझा भाऊ आणि त्याचा मित्र वर्षानं भेटले की याच शब्दानं सुरुवात होते, मग पाठीत गुद्दा, मग मिठी. त्या शब्दात तेव्हा खरोखर माया असते, ती मी नाकारणार नाही. पुण्यातल्या माणसाला ती ऐकू येत नाही हा त्याच्या कानाचा दोष. पण मित्र दोघं, माया त्या दोघांची, आणि शिवी बसते तिसरीला, जी तिथं उभीही नाही. भावाला एकदा हे विचारलं होतं. तो म्हणाला, "अगं, तिचा काय संबंध?" माझंही तेच म्हणणं होतं.

हे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सौंदाळ्याच्या लोकांना आपल्या सगळ्यांच्या आधी सुचलं. नेवासा तालुक्यातल्या या गावानं नोव्हेंबर 2024 मध्ये ग्रामसभेत ठराव केला: आई-बहिणीवरून शिवी दिली तर 500 रुपये दंड. भांडण दोन बाप्यांचं, शिव्या त्यात नसलेल्या बायकांना, हे थांबवायचं म्हणून. बातमी वाचून बऱ्याच जणांनी टिंगल केली, दंडाच्या रकमेत ग्रामपंचायतीची इमारत उभी राहील म्हणून. मला ठराव आवडला. दंडानं जीभ सुधारते यावर माझा फारसा विश्वास नाही, पण अख्ख्या गावानं बसून एकदा मोठ्यानं म्हटलं की हे बरोबर नाही, एवढ्यासाठी.

इथं काकूंच्या 'च्यायला'चं काय, हा प्रश्न येतोच, आणि तो संघातल्या एकीनं ग्रुपवर विचारलाही. 'च्यायला' हे 'तुझ्या आयला'चं शेपूट आहे, पुढची शिवी गिळलेली. सौंदाळ्यात आमच्या टी-शर्टला 500 रुपये पडतील का? पडतील कदाचित. पण मला दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. काकू ते कुणाला म्हणत नाहीत. चेंडूला, नशिबाला, गुडघ्याला म्हणतात. पायाला ठेच लागली किंवा दूध उतू गेलं तरी तोंडातून हेच येतं. आणि दुसरं, आमच्यातल्या निम्म्या जणींना लहानपणी हा शब्द तोंडातून निघाला म्हणून थोबाडीत बसलीय, आणि त्याच घरातल्या भावांना तो बोलता बोलता आला. मला पुण्यात आल्यावर 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणते म्हणून हसायचे. आमच्याकडं बायका सर्रास तसंच बोलतात. कुणी कसं बोलायचं याचे नियम शब्दापेक्षा बोलणाऱ्याकडं बघून लावतात, हे तेव्हापासून माहीत आहे. 'च्यायला' जेंट्सच्या अंगावर चालतो आणि लेडीजच्या नाही, हा त्याच नियमाचा छापील अवतार. त्यामुळं ग्रुपवर दुसऱ्यांदा मतदान घेतलं तरी ओळ बदलली नाही. विरोध करणारीनं नाराजीनं का होईना, एल साइझ सांगितला.

बायकांनी शिव्या दिल्या की आभाळ कोसळतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात जाऊन यावं. सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या मधे ओढा आहे. ओढ्याच्या दोन काठांवर दोन्ही गावच्या बायका उभ्या राहतात आणि वाजतगाजत, हातवारे करत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. त्याला 'बोरीचा बार' म्हणतात. बघायला गर्दी लोटते आणि बंदोबस्ताला पोलिस असतात. वर्षातला तो एक दिवस. बाकीच्या दिवशी त्याच बायका मान खाली घालून बोलत असतील, ती गोष्ट वेगळी.

परत दुकानात. पोराची शेवटची शंका कायद्याची होती. "कुणी व्हिडिओ काढून व्हायरल केला, केस झाली, तर?" त्याला मी सांगितलं की मार्च 2024 मध्ये एका वेब मालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय, शिवराळ भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, ऐकायला वाईट वाटलं तरी तेवढ्यानं गुन्हा होत नाही. त्यानं ते मन लावून ऐकलं. मग पावती केली. चौदा नग, 380 रुपये दर, 5,320 रुपये आणि वर पाच टक्के जीएसटी. आणि खाली 'विशेष सूचना'च्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'मजकूर ग्राहकाच्या जबाबदारीवर.'

"हे 'बांगड्या'वाल्याच्या पावतीवर लिहितोस का रे दादा?"

पोराचे कान लाल झाले. गल्ल्यावर त्याचे वडील बसले होते, ते मधे पडले. "लिहू दे ताई. आमचीपण चार माणसांत ऊठबस असते." यावर काय बोलणार? काका मनापासून बोलत होते.

माल दिलेल्या तारखेला मिळाला. नावं अचूक, एकही वेलांटी इकडची तिकडं नाही. एका टी-शर्टवर 'नो'ची शिरोरेषा दुसऱ्या धुण्यात टोकाला उचकटली, तो नेऊन दाखवला तर समोर उभं राहून परत प्रेस मारून दिला, पैसे घेतले नाहीत. सेवेबद्दल एक शब्द वाकडा बोलायला जागा नाही. तेव्हा शोकेसमध्ये बघितलं तर वाघ तिथंच होता. मी त्याला म्हटलं, आत ठेव की हा, निदान समोरून तरी काढ. "राखी होऊ दे ताई," म्हणाला. धंदा आहे, मला कळतं. मी काही बंदी घाला म्हणणारी नाही, त्याच्या दुकानासमोर आहेर घेऊन तर मुळीच जाणार नाही. पण मी तो टी-शर्ट कुणालाही घेणार नाही, आणि घातलेला कुणी ओळखीचा दिसला तर त्याच्या आईचा हात बघून ये म्हणून सांगेन.

मैदानावरचं सांगायचं तर समोरच्या संघानं पहिल्या षटकात फोटो काढून घेतले. पंच म्हणून उभ्या केलेल्या एकीच्या नवऱ्यानं एक खराखुरा नो बॉल दिला, तेव्हा दोन्ही संघ टी-शर्टकडं बोट दाखवून ओरडले. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई मात्र तो टी-शर्ट गॅलरीत वाळत घालताना न चुकता उलटा करतात, खालच्यांना दिसू नये म्हणून. डीटीएफ प्रिंटची हीच काळजी घ्यायची असते: आतली बाजू बाहेर करून धुवा, तशीच सावलीत वाळवा, छापावर थेट इस्त्री फिरवू नका. चौदांतला सगळ्यात नवा दिसणारा टी-शर्ट आज त्यांच्याच घरचा आहे.

जाणार असाल तर थोडी माहिती. निम्मे पैसे आधी द्यावे लागतात. रविवारी दुपारी जाऊ नका, ढोलपथकांची आणि मंडळांची झुंबड असते. कोल्हापुरी कप्प्यातलं काहीही डोळे झाकून घ्या. मी स्वतःसाठी 'जाळ अन् धूर संगटच' घेतलाय. स्वतःचा मजकूर नेत असाल तर कागदावर लिहून न्या आणि नमुना मोठ्यानं वाचा, तो वाचूनच घेतो. बायकांनी 'लेडीज' विभागात वेळ घालवू नये, तिथला एक्सएल खांद्यात जेंट्सच्या एमपेक्षा तोकडा आहे. सरळ युनिसेक्स मागा, गळा गोल, आणि एक साइझ मोठी.